धोटा उडाला तर फाइल काय करणार?

वाचकांचे प्रश्न : कारखाना आणि सेफ्टी

मागच्या अंकात सेफ्टीवर चार ओळी काय लिहिल्या, पत्रं आणि व्हॉट्सअॅप मिळून एवढे प्रश्न आले की संपादक म्हणाले, आता एक अख्खं सदर तुम्हीच घ्या. बहुतेक प्रश्न सोलापूरचेच आहेत, टॉवेल, चादर, डाईंग, बिडी असे. मी स्वतः तीस वर्षं कारखान्यांतून सेफ्टीचं काम केलं, अजूनही अधूनमधून ऑडिटला जातो, त्यामुळे जे बघितलं तेच सांगतो. नावं कुणाचीच छापत नाही, तसं बऱ्याच जणांनी कळवलंच होतं.

प्रश्न : अक्कलकोट रोडला आमचं टॉवेलचं युनिट आहे, चाळीस लूम (यंत्रमाग), डाईंग वेगळ्या शेडमध्ये. जर्मनीच्या बायरने मेल केलाय की आयएसओ ४५००१ आहे का. एक कन्सल्टंट भेटला, तो म्हणतो पंधरा दिवसांत सर्टिफिकेट हातात देतो, तुम्हाला काहीच करायचं नाही, फक्त लेटरहेड आणि शिक्का द्या. घ्यावं का?

नका घेऊ. "तुम्हाला काहीच करायचं नाही" हे वाक्य ऐकलं की तिथंच उठायचं बघा, चहा अर्धा राहिला तरी चालेल.

पहिली गोष्ट, ४५००१ हे कामाच्या जागेवरच्या सेफ्टीचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड, आणि ते काढणारी आयएसओ कुणालाच सर्टिफिकेट देत नाही. जिनिव्हाची ती संस्था फक्त स्टँडर्ड लिहिते आणि छापते. सर्टिफिकेट देणाऱ्या कंपन्या वेगळ्या, आणि त्या कंपन्या खऱ्या का खोट्या हे बघणारी संस्था त्याहून वेगळी. आपल्याकडे ते काम एनएबीसीबी करते, क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या खालचं बोर्ड आहे ते. कुठल्या कंपनीला कुठल्या स्टँडर्डसाठी मान्यता आहे याची यादी त्यांच्या साइटवर आहे, कन्सल्टंटने सांगितलेलं नाव त्यात शोधा, पाच मिनिटांचं काम. बाहेरच्या देशातल्या तशाच बोर्डाची मान्यता असलेली कंपनीही चालते, पण मान्यता कुणाची ते विचारायचंच. आणि सर्टिफिकेटवर आयएसओचा स्वतःचा लोगो छापलेला दिसला तर तो कागद बिनकामाचा समजा, कारण तो लोगो वापरायची परवानगी ते देतच नाहीत.

खरं सर्टिफिकेट तीन वर्षांचं असतं, मध्ये दर वर्षी ऑडिटर येऊन बघून जातो, आणि सुरुवातीचं ऑडिटही दोन टप्प्यांत होतं, आधी कागद मग शेड. दुसऱ्या टप्प्याला तुम्ही सिस्टिम चालवलेली दिसावी लागते, म्हणजे एखादं अंतर्गत ऑडिट झालेलं, मालकाने बसून आढावा घेतलेला, काही चुका सापडून दुरुस्त केलेल्या. पंधरा दिवसांत हे कसं काय होणार? तुमच्या आकाराच्या युनिटला नीट करायचं तर सहा-आठ महिने धरा.

आता बायर का विचारतोय ते पण समजून घ्या, त्याला तुमच्याबद्दल उगाच प्रेम आलेलं नाही. जर्मनीत २०२३ पासून सप्लाय चेनचा कायदा लागू झालाय, मोठ्या कंपन्यांनी आपला माल जिथं बनतो तिथल्या कामगारांची सुरक्षितता बघायची असं त्यात आहे. तो स्वतःच्या डोक्यावरचं ओझं तुमच्याकडे सरकवतोय. तेव्हा त्यालाच साधं विचारा की बाबा सर्टिफिकेटच पाहिजे का आधी सुधारणेचा प्लॅन दिला तर चालेल, पुष्कळ वेळा चालतं.

आणि एक, सर्टिफिकेट मिळालं म्हणून सरकारी इन्स्पेक्टरपासून सुटका नाही हं. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय वेगळं, त्यांचा कायदा वेगळा. १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टच्या जागी आता कामगारांच्या सुरक्षिततेची २०२० ची संहिता आलीय, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू. ४५००१ ऐच्छिक आहे, पण तुम्हाला लागू असलेला प्रत्येक कायदा तुम्ही पाळलाच पाहिजे हे त्या स्टँडर्डमध्येच लिहिलंय.

प्रश्न : मी मेकॅनिकलला तिसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी हाच विषय घेतलाय पण नेटवर सगळीकडे तेच तेच पीडीसीएचं (प्लॅन, डू, चेक, अॅक्ट) चक्र. सर, हे इंटरनॅशनल स्टँडर्ड नक्की बनवतं कोण? जिनिव्हात बसून लिहिलेल्या गोष्टीचा सोलापूरच्या लूमशी काय संबंध?

शाब्बास, चक्र सोडून कुणीतरी हे विचारलं. याचं उत्तर जरा लांब होईल, बाकीच्यांनी सांभाळून घ्या.

स्टँडर्ड म्हणजे कुणी एका शहाण्याने लिहिलेलं पुस्तक नसतं, ती भांडणातून झालेली तडजोड असते, एखाद्या सोसायटीच्या मीटिंगसारखी, फक्त सत्तर देशांची. क्वालिटीचं ९००१ १९८७ ला आलं, पर्यावरणाचं १४००१ आलं १९९६ ला, मग सगळ्यांना वाटलं आता सेफ्टीचं पण येणार. १९९६ लाच जिनिव्हात त्यावर मोठी चर्चा झाली आणि ठरलं की नको. त्यानंतर २००० च्या सुमाराला आणि परत २००७ ला प्रस्ताव आला, दोन्ही वेळा पडला. म्हणजे वीस वर्षं हे बाळ जन्मतच नव्हतं.

का, तर एक मोठा मुद्दा असा होता की कामगाराच्या जिवाचा प्रश्न हा टॉवेलच्या जीएसएमसारखा (कापडाच्या वजनासारखा) टेक्निकल प्रश्न आहे का, का हक्काचा? कामगारांचा विषय आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा, आयएलओचा, ती १९१९ पासूनची संस्था, तिथं टेबलाच्या तीन बाजू असतात, सरकार, मालक आणि कामगार. आयएसओत तसं टेबल नाही, तिथं प्रत्येक देशाची स्टँडर्ड बनवणारी संस्था बसते, आपली भारतीय मानक ब्यूरो, आणि आपल्या बाजूने कुणाला पाठवायचं ते तीच ठरवते, त्यात तज्ज्ञ, कंपन्यांचे लोक, कन्सल्टंट असे बरेच. मग कामगार संघटना म्हणाल्या, आमच्याबद्दल लिहिणार आणि आम्ही कुठं? बरोबरच आहे ना. आयएलओने २००१ ला स्वतःच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, चांगल्या आहेत, पण त्याला सर्टिफिकेट नाही, त्यामुळे बाजारात कुणी विचारलं नाही. बाजाराला शिक्का लागतो.

मधल्या काळात ब्रिटिशांनी १९९६ ला सेफ्टीचं स्वतःचं बीएस ८८०० काढलं होतं, मग १९९९ ला काही देशांच्या संस्था आणि सर्टिफिकेट देणाऱ्या कंपन्यांनी मिळून ओसास १८००१ काढलं, आपण २००० ला आयएस १८००१ काढलं. जुन्या लोकांच्या तोंडात अजून ओसासच आहे. आयएसओ नको म्हणत बसली आणि तिकडं दुकान सुरू पण झालं, असं झालं ते.

शेवटी २०१३ ला दार उघडलं. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये बांगलादेशात राणा प्लाझा कोसळली, अकराशेवर कामगार गेले, कपडे शिवणारे, म्हणजे आपल्याच धंद्यातले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनला आयएसओच्या २८३ नंबरच्या कमिटीची पहिली बैठक झाली, सेक्रेटरीचं काम ब्रिटिशांकडे, आणि आयएलओशी करार करून त्यांनाही बसवलं. एकामुळे दुसरं झालं असं सेमिनारमध्ये लिहू नकोस, कमिटीची तयारी आधीपासून चालू होती, पण त्या खोलीत बसलेल्यांच्या डोक्यात ती इमारत नसेल असं मला तरी वाटत नाही.

मग मसुदे, त्यावर सूचना, परत मसुदे. २०१६ ला मसुदा सगळ्या देशांपुढे मतदानाला गेला आणि पडला. आयएसओत नियम असा की भाग घेणाऱ्या देशांपैकी दोन-तृतीयांश हो म्हणायला पाहिजेत आणि एकूण मतांत नाही म्हणणारे चौथाईच्या वर जायला नकोत. इथं चौथाईच्या वर गेले. हजारो सूचना आल्या, एकेका शब्दावर. पार्टिसिपेशन म्हणजे काय, कन्सल्टेशन म्हणजे काय, रिस्क कशाला म्हणायचं, कामगार कुणाला म्हणायचं. पुढच्या वर्षी दुसरा मसुदा पास झाला, मग शेवटचं मतदान, आणि १२ मार्च २०१८ ला ४५००१ छापून आलं. प्रश्न पहिल्यांदा टेबलावर आला तेव्हापासून बावीस वर्षं.

आता तुझा सोलापूरचा प्रश्न. त्या भांडणातून जे निघालं ते ५.४ कलमात आहे, माझ्या मते अख्ख्या स्टँडर्डमधलं सगळ्यात किमती पान. त्यात दोन शब्द वेगवेगळे ठेवलेत. एक, निर्णय घ्यायच्या आधी कामगाराचं मत विचारणं. दुसरा, निर्णय घेताना त्याला सोबत बसवणं. आपल्याकडे तिसराच प्रकार चालतो, निर्णय झाल्यावर त्याची सही घेणं. एका युनिटच्या फाइलमध्ये मी सेफ्टी कमिटीच्या बारा मीटिंगा बघितल्या, दर महिन्याची मिनिट्स, खाली कामगार प्रतिनिधी म्हणून कांडी (सुताची नळी) भरणाऱ्या एका मावशींच्या सह्या. शेडमध्ये जाऊन मावशींना विचारलं मीटिंगमध्ये काय झालं हो, तर त्या म्हणाल्या, "सही घेतली बघा मुकादमानं, मला वाटलं बोनसची हाय." मी ते तसंच रिपोर्टमध्ये लिहिलं, त्या मालकाने मला परत काही बोलावलं नाही.

त्याच कलमात पुढं असं आहे की कामगाराच्या बोलण्यातले अडथळे शोधा आणि काढा, आणि अडथळे म्हणजे काय तेही दिलंय : भाषा, लिहिता-वाचता न येणं, सूचना देऊन काहीच उत्तर न मिळणं, बोललो तर काढून टाकतील ही भीती. आता ही यादी घे आणि सोलापूरच्या कुठल्याही शेडमध्ये उभा राहा. एका लूमवर तेलुगू बोलणारा, शेजारी कन्नड, डाईंगला उत्तरेकडून आलेला हिंदीवाला, कांडीला मराठी मावशी, आणि भिंतीवर बोर्ड मात्र इंग्रजीत. पंचावन्न वर्षांच्या एका विणकर काकांना तेलुगू वाचता येतं, मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, तर त्यांच्यासाठी तो बोर्ड म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडरच की. जिनिव्हाचा संबंध हा असा इथं येतो. ट्रेनिंग फुकट द्या आणि शक्यतो ड्युटीच्या वेळेत द्या असंही तिथं सुचवलंय, सुट्टीच्या दिवशी बोलावून नाही.

एक गंमत सांगतो सेमिनारला उपयोगी पडेल, त्यात 'वर्कर'ची व्याख्या एवढी मोठी केलीय की मालक, मॅनेजर, बिनपगारी शिकाऊ, ठेकेदाराचा माणूस सगळे त्यात येतात. भांडण मिटवायचा हाही एक मार्ग, सगळ्यांनाच कामगार म्हणून टाकायचं.

प्रश्न : मी साध्या लूमवर काम करतो, वीस वर्ष झाली. मागच्या महिन्यात शेजारच्या लूमचा धोटा (सूत घेऊन आरपार धावणारं शटल) उडून भुवईच्या वर लागला, चार टाके पडले. मालक म्हणतेत चष्मा आणून देतो घाल, घालत नव्हतास म्हणून लागलं. चष्म्यावर रुई बसती, सूत तुटलेलं दिसत नाही. चूक माझी का?

नाही दादा. डोळा वाचला हे नशीब, पण चूक तुमची नाही.

४५००१ मध्ये धोका कमी करायची एक उतरंड दिलीय आणि ती वरून खाली यायची असते. आधी धोकाच काढून टाकता येतो का बघायचं. नाही जमलं तर कमी धोक्याची वस्तू किंवा पद्धत वापरायची. मग मशीनलाच काहीतरी बसवायचं. मग कामाची पद्धत, पाळी, ट्रेनिंग. आणि सगळ्यात शेवटी चष्मा, कानातले बोळे, मास्क. तुमच्या मालकांनी शेवटच्या पायरीपासून सुरुवात केली, बहुतेक सगळेच तिथूनच करतात कारण ती स्वस्त असते आणि काही झालं की "घातलं नव्हतं" म्हणता येतं.

धोटा का उडतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय : पिकर (धोट्याला फेकणारा भाग) झिजलेला, धोट्याचं टोक खराब, पेटी (धोटा थांबतो ती) ढिली, सूत अडकून पेळ (ताण्याच्या धाग्यांमधली धोट्याची वाट) नीट उघडली नाही. म्हणजे पहिलं काम जॉबरचं (लूम दुरुस्त करणाऱ्याचं), पिकर कधी बदलला त्याची वही पाहिजे. दुसरं शटल गार्ड, फनीच्या (सूत ठोकणाऱ्या कंगव्याच्या) पुढं बसणारी दांडी, ती लूमबरोबर येतेच पण कापड बघायला अडचण होते म्हणून काढून ठेवलेली असते, कुठंतरी कोपऱ्यात गंजत पडली असेल बघा. दोन लूमच्या मध्ये टोकाला जाळी लावता येते. बिनधोट्याची लूम, रेपियर वगैरे, हा पहिल्या पायरीचा उपाय झाला, धोटाच नाही तर उडणार काय, पण ते लाखांचं काम आहे आणि साध्या लूमवाल्या मालकाला लगेच झेपणार नाही हे मलाही कळतं. गार्ड तर झेपेल ना.

आवाजाचं तुम्ही विचारलं नाही पण सांगतो. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज ८५ डेसिबलच्या वर आहे समजा, आणि लूम शेडमध्ये तर खुणांनीच बोलणं चालतं. आठ तासांना ९० डेसिबल ही आपल्याकडची मर्यादा आहे. आवाजाने गेलेला कान परत येत नाही. घरात टीव्ही मोठा करायला लागलात, नात काय म्हणते ते दोनदा विचारायला लागतंय, असं असेल तर कानाची तपासणी करून घ्या, आणि कागद जपून ठेवा, आवाजाने येणारा बहिरेपणा कायद्याच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे. कापसाच्या धुळीने छाती आवळते तो आजार पण त्याच यादीत आहे. सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती जड वाटते आणि आठवडाभरात कमी होते, असं असेल तर डॉक्टरला मुद्दाम "मी सुताच्या धुळीत काम करतो" हे सांगा, नाहीतर ते नुसतं दमा म्हणून सोडतात.

प्रश्न : डाईंगमध्ये सुपरवायझर आहे. आमच्याकडे हायड्रोच्या डब्यातून धूर आला, पोरांनी पाणी टाकलं तर अजून वाढला. काय चुकलं?

पाणीच चुकलं. (बाहेरच्यांसाठी : डाईंगमध्ये हायड्रो म्हणजे कपडा पिळायचं मशीन आणि हायड्रोज म्हणजे डाईंगला लागणारी सोडियम हायड्रोसल्फाइटची पावडर, पण बोलताना दोन्ही हायड्रोच होतं, आणि नव्या पोराला 'हायड्रो बघ' सांगितलं तर तो कुठं बघेल याचा नेम नाही.) ती पावडर ओल लागली की स्वतःच तापते आणि पेट घेते, वर गंधकाचा ठसका लागणारा वायू सोडते. थोडं पाणी म्हणजे तिला खाऊच. डबा घट्ट बंद, जमिनीपासून वर, कोरड्या जागी, काढायचा डाव पण कोरडा, आणि दिवसाला लागेल तेवढीच शेडमध्ये आणायची. धूर दिसला तर माणसं बाहेर काढा आणि फायर ब्रिगेडला फोनवरच सांगा कुठली पावडर आहे ते. आणि मशीन हायड्रोबद्दल, झाकण उघडं ठेवून चालत असेल तर आजच बंद करा, झाकण लागल्याशिवाय फिरायलाच नको असं लॉक बसतं.

आगीचा विषय निघालाच आहे तर, १८ मे २०२५ च्या पहाटे एमआयडीसीत जे झालं ते कुणी विसरलेलं नाही, टॉवेल कारखान्याची आग, आठ जण गेले, त्यात मालकाचं कुटुंब. तेव्हापासून मी कुठल्याही युनिटमध्ये गेलो की फाइल नंतर मागतो, आधी विचारतो की रात्री इथं कोण झोपतं आणि तो कुठल्या दाराने बाहेर पडणार. बऱ्याच ठिकाणी एकच शटर आणि वर जिना, खाली सूत आणि टॉवेलच्या थप्प्या, वायरिंगवर बोटभर रुई. ४५००१ मधल्या आणीबाणीच्या कलमाचं सोलापुरातलं भाषांतर एवढंच : दुसरं दार.

प्रश्न : कुंभारीच्या वसाहतीत राहते. आई घरी बिडी वळते, मी पण शिकत शिकत वळते. हे सगळं कारखान्याचं झालं, आमच्या घराला हे स्टँडर्ड लागतं का?

खरं सांगू का बाळ, नाही पोचत. स्टँडर्डमध्ये कामगार शब्दात पगारी, बिनपगारी, रोजचा, हंगामी सगळे येतात, पण कामाची जागा म्हणजे जी संस्थेच्या ताब्यात आहे ती. तुमचं घर कंपनीच्या ताब्यात नाही, म्हणून ऑडिटर तुमच्या ओसरीवर येणार नाही, तो जिथं पानं-तंबाखू वाटतात आणि बिड्या मोजून घेतात तिथंपर्यंतच येईल. सर्टिफिकेटच्या पद्धतीतलं हे मोठं भोक आहे आणि मी ते झाकत बसणार नाही. आयएलओने १९९६ ला घरून काम करणाऱ्यांसाठी वेगळा करार केलाय, १७७ नंबरचा, त्यात सेफ्टीचे कायदे घरून काम करणाऱ्यालाही लागू करा असं आहे. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

तोपर्यंत घरातलं घरात : तंबाखूचं सूप चुलीपासून आणि झोपायच्या जागेपासून लांब, दाराजवळ वारा लागेल तिथं. तंबाखू चाळताना तोंडाला ओला नाही, कोरडा स्वच्छ रुमाल, आणि लहान भावंडं त्या वेळी बाहेर. तंबाखू कातडीतून पण अंगात जाते, म्हणून भाकरीला बसायच्या आधी साबणाने हात, नुसत्या पाण्याने नाही. आईला गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना हे काम करायला लागलं असेल तर डॉक्टरला तसं सांगायला पाहिजे होतं, घरी वहिनी असेल तर तिला हे आधीच सांग. पाठीला भिंतीचा आधार आणि तासाला एकदा उठणं. आणि तू शिकतेस ते सोडू नकोस.

प्रश्न : आमच्याकडे ४ मार्चला सेफ्टीची शपथ घेतात, मग वडापाव. त्याचा फायदा होतो का?

वडापावचा होतो.

प्रश्न : हे स्टँडर्ड बदलायचं असेल तर आपल्यासारख्याला काही बोलता येतं का, का सगळं दिल्ली-जिनिव्हातच?

येतं, पण कुणी बोलत नाही. मानक ब्यूरो कुठल्याही स्टँडर्डचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी आपल्या साइटवर टाकते, कुणीही, अगदी कुणीही, फुकट लिहू शकतो, कलम नंबर, अडचण काय आणि त्याऐवजी काय पाहिजे. ४५००१ च्या सुधारित आवृत्तीवर काम चालू आहे, २०२४ ला त्यात हवामान बदलाची छोटी भर घातलीच होती. सोलापुरात मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत लूम चालवणाऱ्या माणसाएवढं त्या विषयावर बोलण्यासारखं कुणाकडे आहे? यंत्रमागवाल्यांच्या संघटनांनी आणि युनियनने मिळून एक पानभर लिहिलं तरी पुष्कळ. इंग्रजीची अडचण असेल तर मराठीत लिहून माझ्याकडे पाठवा, मी करून देतो.

बॉयलरवर तीन जणांनी जवळजवळ एकच प्रश्न विचारलाय, तो पुढच्या अंकात. लूमवाले दादा, गार्ड बसवला का ते कळवा.